नाहुएलची हरकत

अर्जेंटिनातल्या तुकुमानच्या विद्यापीठात साहाय्यकाच्या एका जागेसाठी फलकावर दोनच नावं लागली. ब्रिसा हुआरेस आणि नाहुएल सोसा. विषय, संगणकाची रचना. खाली नेहमीची ओळ होती: पाच दिवसांत कोणीही सहीनिशी हरकत घेऊ शकतो. ती ओळ कोणी वाचत नसे. हरकत घेणारा माणूस इथे कोणी पाहिलाच नव्हता.

ब्रिसाला ती जागा हवीच होती. तिला शिकवायचं होतं. तसं दोन वर्षं ती तेच करत होती, फक्त खुर्चीशिवाय. काकाच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवर ती शून्यापासून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टम लिहीत होती आणि जे शिकेल ते ब्लॉगवर टाकत होती. कळलेलं सगळेच टाकतात. ही बया न कळलेलंही टाकायची. कुठे आपटले, किती दिवस आपटले, का आपटले. पहिल्या वर्षाची पोरं त्यावरच तग धरून होती. आणि सगळ्यात आधी वाचायचा तो तिचा जिवाभावाचा नाहुएल.

गाजलं ते कीबोर्डचं पान. कळ दाबली की एक अक्षर उमटायचं, मग मशीन ठार मुकं. तिने सरळ लिहिलं होतं, ‘अकरा दिवस झाले, मला हे कळत नाही.’ बाराव्या दिवशी सापडलं आणि तेही तिने त्याच पानावर लिहिलं. प्रत्येक कळ मिळाली की ती पोचवणाऱ्या चिपला तसं कळवावं लागतं, नाहीतर ती पुढची कळ पाठवतच नाही.

मुलाखतीला विभागप्रमुख इबार्राबाईंनी फाईल उघडली.

“हुआरेस, तुझ्यावर हरकत आलीय.”

“माझ्यावर? कुणाची?”

बाईंनी कागद फिरवला. खाली सही होती, नाहुएल सोसा. सोबत तिचंच पान छापून जोडलेलं. ‘मला हे कळत नाही’खाली लाल रेघ.

“हे तूच लिहिलंयस?”

“मीच. खाली उत्तरही मीच लिहिलंय.”

“अकरा दिवसांनी. वर्गात पोरं काय अकरा दिवस हात वर करून बसणारेत?” शेजारचे दोघे परीक्षक हसले. “हेच आम्ही सोसाला विचारलं. एका वाक्यात सांगितलं त्याने. पोच दिली नाही तर चिप पोस्टमनसारखी दारातच उभी राहते, म्हणाला.”

तो पोस्टमन ब्रिसाचा होता, त्याच पानावरचा.

“बाई, पान उलटा. खालून तिसरी ओळ.”

“असेल. पण त्याला चटकन आलं.”

चटकन येणारच! अकरा दिवस भिंतीवर डोकं हिने आपटलं, तो तिथे पाडलेल्या भोकातून आरामात चालत गेला, आणि उशीर हिचा ठरला. जागा त्याला मिळाली.

दुपारी तो अंगणात तिच्या बाकाशी आला. एका हातात गरम पाण्याचा थर्मास, दुसऱ्यात माते, तिकडचा नळीने ओढून प्यायचा कडवट चहा.

“घे गं. रागावलीस?”

“धन्यवाद,” ती म्हणाली. पिण्याआधीच धन्यवाद म्हणजे आता तुझ्या हातचं नको, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नाहुएलने न ऐकल्यासारखं केलं.

“एक शब्द तरी खोटा लिहिला का मी? सगळं तुझंच तर होतं.”

“तेच म्हणतेय, हरामखोरा. सगळं माझंच होतं.”

“नियमात बसतं ते, ब्रिसा.”

“बसतं ना. मग बस तिथेच.”

तो जरा घुटमळला. “मंगळवारी सहाला माझा पहिलावहिला तास आहे, खोली चारमध्ये. मेमरी कशी वाटून द्यायची, त्यावर. तुझं ते पान झालं का लिहून? पोरांसाठी म्हणतोय मी.”

ती उठून चालू लागली.

पान लिहून झालं होतं. तीन आठवड्यांच्या चुका, एकेक तारखेसकट. घरी येऊन तिने ते उघडलं. पहिली चूक पुसली. मग दुसरी. प्रत्येक ओळीवर तिला लाल रेघ दिसत होती. शेवटी पानावर एकच वाक्य उरलं: ‘मेमरीचं काम जमलं.’ तेवढंच तिने टाकलं.

तासाभरात सिमोका गावच्या यामिलाचा, पहिल्या वर्षातल्या पोरीचा, प्रश्न आला. “ताई, पण कसं जमलं? मी आठवडाभर अडकलेय.”

नाहुएलला यातलं ओ की ठो येत नव्हतं. पोरगी त्याच्याकडून हात हलवत परत येणार होती, आणि तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. हे सगळं ब्रिसाला ठाऊक होतं.

तिने लिहिलं, “साहाय्यक नाहुएल सोसा यांना विचार. मंगळवारी सहाला, खोली चार.”

आणि पाठवलं.