दोनशे तीस डिग्री

"सहजच केला फोन," मास्तर म्हणाला, आणि अक्काला कळून चुकलं की काहीतरी बिनसलंय. तिच्या धाकट्या भावानं अठ्ठावन्न वर्षांत सहज म्हणून काही केलं नव्हतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा आणि गाडी कुठल्याही भिंतीकडे निघाली तरी आवाज चढू द्यायचा नाही, यात त्याची हयात गेली. शिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतः शिकायची वेळ आली की मात्र गडी कानात बोळे घातल्यासारखा बसायचा.

शनिवारी दुपारी अक्का येऊन पोचली. भावजयीनं पाण्याचा ग्लास हातात देता देताच सगळं सांगून टाकलं. मास्तरनं नवा स्मोकर आणला होता, पिंपाएवढा. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर तो चालायचा. एका बाजूच्या डब्यातून गोळ्या आपोआप खाली आगीच्या वाटीत पडायच्या, पंखा वारा घालायचा आणि धुरावर मांस शिजायचं. मागल्या रविवारी लेकीच्या सासू-सासऱ्यांना जेवायला बोलावून त्यानं त्यात तीन तास कोंबडी ठेवली होती.

"मांस अगदी लोण्यासारखं झालं हो वन्सं. पण वरची कातडी? सायकलची ट्यूब बरी! विहीणबाईंनी ती हळूच सोलली आणि काकडीच्या चकत्यांखाली लपवली. व्याही पडले दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, 'मास्तर, महिन्यातून दोनदा असं जेवण ठेवा, माझा दवाखाना जोरात चालेल.' सगळे हसले. हेही हसले. मग तीन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत."

"आणि आता?"

"आता उद्या परत बोलावलंय त्यांना. एक वाजता."

अक्कानं पाणी संपवलं आणि ग्लास ठेवला. एकतीस वर्षं तिनं एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळला होता. चादरी, गाऊन, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं तिच्या वाफेवर उकळायचं. आग उपाशी आहे की गुदमरलीय, हे तिला मीटरकडे बघायच्या आधी आवाजावरून कळायचं. एक कोंबडी कुरकुरीत करणं ही तिच्या लेखी काळजी करण्याची गोष्टच नव्हती. काळजी होती ती भावाची. त्याच्या हातून काम काढून घेतलं तर ते होईल फक्कड, पण तो आणखी तीन दिवस बोलणार नाही.

ती मागच्या अंगणात गेली. मास्तर स्मोकरचं झाकण फडक्यानं पुसत होता. झाकण आधीच लख्ख होतं.

"तुझी मशीन बघायला आले," ती म्हणाली. "हात लावणार नाही. काम तू करायचंस, मी नुसती बोलणार."

"ते तर तू जन्मभर करत आलीस," मास्तर म्हणाला. पण फडकं खाली ठेवलं.

"किती डिग्रीवर ठेवली होतीस?"

"एकशे दहा. धूर मुरायला."

"बरोबर. पण तेवढ्यावर कातडी व्हायची नाही. कातडीत पाणी असतं आणि तिच्याखाली चरबी. पाणी उडून चरबी वितळली नाही तर खाली चामडंच उरणार. तिला सव्वादोनशेच्या वरची धग लागते."

"मला काय ते कळत नाही?" मास्तर उसळला. "शेवटच्या तासाला दोनशे तीस लावले होते मी! आकडा एकशे पासष्टच्या वर जाईचना. झाकण उघडून बघितलं, पंधरा वेळा बघितलं..."

"पंधरा वेळा?"

मास्तरनं फडकं परत उचललं.

संध्याकाळी अक्कानं भावजयीला हाताशी धरलं. कोंबडीचे तुकडे पेपर नॅपकिननं टिपून कोरडे केले, मीठ, मिरपूड आणि चिमूटभर बेकिंग पावडर चोळली आणि जाळीवर मांडून फ्रिजमध्ये तसेच उघडे ठेवले.

"झाकू नको? वास सुटेल की सगळ्या फ्रिजला."

"एका रात्रीनं काय होतंय? सकाळी हात लावून बघ, कागदासारखी कातडी लागेल."

तशी ती लागली. भावजय सकाळी उठल्या उठल्या बोट लावून आली आणि खुशीत चहा टाकायला गेली.

नऊ वाजता अक्का अंगणात खुर्ची टाकून बसली. "कोंबडी नंतर. आधी रिकामी भट्टी चढवून बघू. प्लग काढ, आणि आतलं सगळं बाहेर."

मास्तरनं जाळ्या काढल्या, त्यांच्याखालचा चरबी निथळायचा पत्रा काढला. खाली मुठीएवढी आगीची वाटी होती, आणि ती काठोकाठ राखेनं भरलेली.

"शेवटची कधी साफ केलीस?"

"साफ करायची असते?"

अक्कानं ओठ घट्ट मिटले. तिच्या हाताखाली असा माणूस असता तर त्याला तिनं दिवसभर राख उपसायला लावली असती. पण ती नुसतंच म्हणाली, "वाटीला बारीक भोकं आहेत बघ, वारा तिथून येतो. ती बुजली की आगीचा श्वास कोंडतो." मास्तरनं व्हॅक्यूम क्लीनर आणून गार राख ओढून घेतली आणि खिळ्यानं एकेक भोक मोकळं केलं. हात त्याचे चांगले होते, हे तिनं मनात कबूल केलं.

मग तिनं डब्यातली एक गोळी मागितली. मोडली. कट् असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. गोळी भिजक्या खडूसारखी चुरली.

"दमट आहेत. पोतं कुठे ठेवतोस?"

"नळापाशी," मास्तर म्हणाला, आणि त्याचं त्यालाच समजलं. त्यानं डबा रिकामा करून घरातलं न फोडलेलं पोतं आणलं. पत्र्यावरचा चरबीनं माखलेला चंदेरी कागदही अक्कानं काढायला लावला. त्या कागदानं कडेच्या फटी झाकल्या होत्या, त्यामुळे धग वर येत नव्हती. शिवाय एवढ्या चरबीवर दोनशे तीसची आग म्हणजे घराला आग लावायचेच धंदे.

"झालं," अक्का ऐटीत म्हणाली. "लाव दोनशे तीस. अर्ध्या तासात चढेल."

अर्धा तास झाला. आकडा भराभर दीडशे, एकशे ऐंशीपर्यंत गेला, एकशे पंच्याण्णववर आला आणि तिथेच बसला. अक्का खुर्चीतून उठली. मशीनभोवती एक फेरी मारली, कान लावला. पंखा नीट फिरत होता, गोळ्या पडत होत्या. साडेअकरा वाजले. भावजय दारातून डोकावली आणि दोघांचे चेहरे बघून आत गेली. एकतीस वर्षांचा अनुभव गाठीशी, आणि तरी अक्काला दोष सापडेना.

मास्तर मागे हात बांधून उभा होता. एकाएकी तो पुढे झाला आणि चिमणीच्या तोंडावर तळहात धरला.

"अक्का, पंखा एवढा ओरडतोय आणि इथे वाराच लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आत येतोय तो बाहेर जात नाही. पुढची गाडी हलल्याशिवाय मागची कशी हलणार?" त्यानं चिमणीवरच्या टोपणाकडे बोट दाखवलं. ते पार खाली आवळलेलं होतं. "मीच आवळलं होतं. म्हटलं, धूर आत कोंडला की चव जास्त येईल."

त्यानं जाड हातमोजा चढवला आणि टोपण तीन बोटं वर फिरवलं. फस्सदिशी गरम हवा सुटली. आकडा दोनशे झाला, दोनशे बारा, दोनशे वीस. दोनशे बत्तीसला पोचला तेव्हा मास्तरनं असा श्वास सोडला की अक्काला वाटलं, चिमणी याच्यातच होती.

"हे मला सुचलं नाही," ती म्हणाली. "चुकलंच माझं. आधी वरून बघायला हवं होतं."

मास्तर कोंबडीची जाळी आणायला जवळजवळ पळतच गेला.

बाराला दहा कमी असताना तुकडे कातडी वर करून आत गेले आणि झाकण बसलं. पाहुणे वेळेआधी, साडेबारालाच आले. लेक आणि जावई टेबल मांडायला आत गेले. विहीणबाई सावलीत बसल्या. डॉक्टर थेट स्मोकरपाशी.

"काय मास्तर, आज दातांची सोय काय?" असं म्हणत त्यांनी झाकणाच्या मुठीकडे हात नेला.

"हात मागे!"

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतही कधी न चढलेला मास्तरचा आवाज आज चढला. डॉक्टरांचा हात होता तिथेच थांबला. लेक खिडकीत येऊन उभी राहिली. भावजयीनं डोळेच मिटून घेतले. व्याह्यांवर ओरडायची या घरात कुणाची टाप नव्हती.

"माफ करा डॉक्टर," मास्तर खालच्या आवाजात म्हणाला, पण मुठीसमोरून हलला नाही. "एकदा उघडलं की तीस डिग्री उतरतात. अजून पंचवीस मिनिटं आहेत. बसा, सरबत घ्या."

डॉक्टरांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग खो खो हसत खुर्चीकडे वळले. "माझ्या दवाखान्यात मी असाच ओरडतो, पेशंटनं मध्येच तोंड मिटलं की!"

एकला पाच कमी असताना झाकण उघडलं. तुकडे गडद सोनेरी झाले होते, कातडी जागोजाग फुगून आली होती आणि वर चरबी बारीक तडतडत होती. मास्तरनं मांसात सुई खुपसून आतली धग पाहिली, मान हलवली आणि परात भरली.

टेबलावर पहिला घास डॉक्टरांनी घेतला. कुर्रर असा आवाज झाला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. त्यांनी लगेच दुसरा घास घेतला. विहीणबाई मूळच्या अबोल. त्यांनी आपली कातडी संपवली, आणि मग नवऱ्याच्या ताटातली त्यानं शेवटी खायला म्हणून बाजूला ठेवलेली कातडी शांतपणे उचलून तोंडात टाकली.

"अगं!" डॉक्टर म्हणाले.

"मास्तर, अजून आहे का?" विहीणबाईंनी विचारलं.

"आहे की! जाळीभर आहे." मास्तर उठला, आणि उठता उठता थांबला. "राख, गोळ्या, कातडी कोरडी करणं, हे सगळं अक्कानं शिकवलं. मला काही येत नव्हतं."

टेबलावर सगळे अक्काकडे बघायला लागले. तिचं तोंड भरलेलं होतं. घास गिळून ती म्हणाली, "चिमणी त्यानं शोधली. ती नसती तर आज तुम्ही परत ट्यूबच चावत बसला असता."

मास्तर परात घेऊन अंगणाकडे निघाला. दारातून त्यानं मागे वळून हाक मारली, "अक्का, तुला तंगडी आणू की छातीचा तुकडा?"

"ज्याची कातडी जास्त, तो," अक्का म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं.