नोंद क्रमांक एक

विसराळू म्हाताऱ्यांच्या केंद्रात तीनशे बारा जणांच्या कपड्यांवर जे काळे-पांढरे चौकोन दिसतात, ते सगळे एकट्या ऑपरेटरचे काम. डेटाबेसमध्ये नाव, पत्ता, घरच्यांचा फोन भरायचा, नोंदीचा क्रमांक वेब सर्व्हिसकडे पाठवायचा, की ती क्यूआर कोड काढून देते. तो कापडी पट्टीवर छापायचा. वाट चुकलेल्या आजोबांच्या खिशावर कुणी मोबाइल धरला की नोंद उघडते आणि घरी फोन जातो. आठ महिन्यांत अकरा माणसे अशी सुखरूप परतली. केंद्राच्या मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, तेव्हा गड्याला कुठे बघावे कळेना.

पहिली पट्टी मात्र त्याने चाचणीसाठी काढली होती. नोंद क्रमांक एक. नाव अबक, पत्ता कखग, फोन एकपासून नऊपर्यंत ओळीने आणि शेवटी शून्य. कोड उघडतो का, एवढेच बघायचे होते. उघडला. आनंदाच्या भरात तो पट्टी घरी घेऊन आला, टेबलावर ठेवून हातपाय धुवायला गेला, आणि येऊन बघतो तर वडिलांनी ती आपल्या करड्या कोटावर शिवूनसुद्धा टाकलेली. चाळीस वर्षे शिंपीकाम केलेला माणूस. पोराचे नाव विसरला, पण हात टाके विसरले नव्हते.

"बाबा, ही खोटी आहे. खरी आणतो उद्या. काढू या ही."

"माझी शिवण उसवायची नाही. आणि तू कोण रे?"

उसवायची तशी गरजही नव्हती. कोडात पत्ता नसतोच, असतो तो नोंदीचा क्रमांक. केंद्रात बसून त्या नोंदीत बाबांचे नाव आणि स्वतःचा फोन टाकला की झाले. पाच मिनिटांचे काम, म्हणून त्याने ते उद्यावर ढकलले. जगाच्या आईबापांच्या नोंदी डोळ्यांत तेल घालून तपासणाऱ्या या शहाण्याला आठ महिन्यांत ती पाच मिनिटे सापडली नाहीत. असल्या माणसाला काय म्हणावे?

मंगळवारी दुपारी एकला ताईचा फोन आला.

"बाबा दहापासून घरात नाहीत रे. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तेवढ्यात गेले."

"दहापासून? आणि आत्ता सांगतेस?"

"कोट घालून गेलेत ना! म्हटलं, कुणीतरी मोबाइल धरेल आणि तुला फोन येईलच. आला नाही का?"

त्याने नोंद क्रमांक एक उघडली. खाली लिहिले होते, आज कोडावरून तीन वेळा पाहिली. दहा चाळीस, अकरा पाच, बारा वीस. म्हणजे तीन भली माणसे थांबली होती, वाकून कोटावर मोबाइल धरला होता, अबक वाचले होते. एखाद्याने तो नंबर फिरवूनही पाहिला असेल. मग कुणीतरी थट्टा केली असे समजून ते आपल्या वाटेने गेले असतील. नोंद कुठून उघडली हे कळायची सोय त्याने ठेवलीच नव्हती.

त्याने अबक पुसून बाबांचे नाव घातले, पत्ता घातला, आपला फोन घातला. घड्याळात पाहिले तर पुरती चार मिनिटेही लागली नव्हती.

मग इस्पितळे झाली, बस स्टँड झाले, नदीकाठ झाला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. ताईला खरे सांगायला त्याची जीभ रेटेना. कुठेही असला तरी तो दर थोड्या वेळाने नोंद क्रमांक एक उघडून बघे. मंगळवारपासूनचा आकडा तीनच होता.

सहाव्या दिवशी सकाळी आकडा चार झाला. तो खुर्चीवरून उठलाच. फोन छातीशी धरून उभा राहिला, आणि फोन वाजला.

"मी बोलतेय," ताई म्हणाली. "अरे, बाबांचा त्या कोटातला मोठा फोटो काढून आणलाय ना, त्यावर मोबाइल धरून बघितला. नाव, पत्ता, तुझा नंबर, सगळं नीट येतंय."

"हो."

"मग कुणीच कसा फोन करत नाही रे? इतकी का माणसं वाईट असतात?"

"नाही ताई," तो म्हणाला.