वाटेवरची काटी

मी एक जुनी पायवाट आहे. सोलापूरहून अक्कलकोटच्या अंगाला निघालात, की आडबाजूला एक तळं लागतं आणि तळ्याच्या तीन बाजूंना टेकड्या. टेकड्यांवर कडुलिंब, बाभूळ आणि गिरिपुष्पाची दाट झाडी आहे. इथले लोक तिला जंगल म्हणत नाहीत, 'वनीकरण' म्हणतात. त्या वनीकरणातून चढत-उतरत, तळ्याला वळसा घालून मी पलीकडच्या गावाला जाते. मित्रांनो, काही बिघडलं की तुम्ही 'वाट लागली' म्हणता. पूर्वी मला त्याचा फार राग यायचा. हल्ली येत नाही, कारण माझ्यामुळे एका घराची खरोखरच वाट लागली होती.

मला कुणी ठेकेदाराने बांधलं नाही. आधी शेळ्या आल्या, मग शेळ्यांमागून माणसं आली. सगळ्यांत जास्त चालली ती नागव्वा. ती कर्नाटकातून लग्न होऊन इथे आली, तेव्हा मी गवतातली एक पुसट रेघ होते. चाळीस वर्षं ती रोज गवताचा भारा आणायला माझ्यावरून गेली आणि तिच्या अनवाणी पावलांनी मी घडले. तिचा नवरा सोमलिंग वनीकरणाचा राखणदार. तो माझ्यावरचे दगड बाजूला करी, पावसाने कड तुटली तर माती भरून तुडवी. दोघं एकमेकांशी अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत. मला दोन्ही भाषा त्यांच्याकडूनच आल्या.

मग सात-आठ वर्षांपूर्वी सायकलवाले आले. जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या सायकली! शहरातल्या जुळे सोलापूर भागातली नोकरदार मुलं रविवारी पहाटे सात रस्ता चौकात जमायची आणि उजाडताना माझ्या तोंडाशी हजर व्हायची. त्यांचा म्होरक्या अजिंक्य. तो एका कॉलेजात संगणक शिकवतो. पहिल्याच दिवशी तळ्याच्या वळणावर तो ओरडला, "अरे, काय वाट आहे ही! महाबळेश्वरला जायची गरजच नाही!" त्याने माझे फोटो काढले, मोबाइलच्या नकाशावर मला नाव दिलं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, तशी माझी गत झाली. नागव्वाने चाळीस वर्षांत माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं. आपल्याच अंगणाचं कौतुक कोण करतं?

मी रविवारची वाट बघू लागले. वाटेनेच वाट बघायची, हसा खुशाल. पण उतारावर ब्रेक लागले की टायर माझी माती खरवडून काढत. त्या चऱ्यांतून पावसाचं पाणी धावायचं. तळ्याच्या वळणावर ते पाणी माझ्या पोटात शिरलं आणि मी आतून पोखरले. वरून गवत होतं, रंग तोच होता. मला कळत होतं. पण लोक नावाजत असताना आपण आतून पोकळ झालो आहोत, हे कोण कबूल करतं?

गेल्या भादव्यात, एका शनिवारी संध्याकाळी, सोमलिंगच्या ते लक्षात आलं. त्याने काठी आपटून पाहिली, तर आवाज पोकळ आला. त्याने बाभळीची मोठी काटी तोडली. काटी म्हणजे काटेरी फांदी. ती माझ्यावर आडवी टाकून तिच्या बुडख्यावर एक चपटा दगड ठेवला. आमच्या भागात हे लहान पोरालाही कळतं. वाटेवर आडवी काटी म्हणजे वाट बंद. पाटी नको, अक्षर नको. परतताना चढावर नागव्वा भारा घेऊन येताना भेटली, तिला तो म्हणाला, "तळ्याच्या वळणाला खालनं पोकळ झालंय. काटी लावलीया. उद्या सकाळच्याला दगड भरतो. काटी हाय तवर वरल्या अंगानं जा."

"व्हय," नागव्वा म्हणाली आणि वळणाशी न येता वरूनच गेली, त्यामुळे काटी तिने पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. अजिंक्य सगळ्यांच्या पुढे होता. त्याला काटी दिसली. आता मित्रांनो, सायकलवाल्याला काटा दिसला की एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे पंक्चर. तो उतरला. मागून येणाऱ्यांची टायरं फुटू नयेत म्हणून त्याने दगड खाली ढकलून दिला, हाताला ओरखडे घेत काटी ओढली आणि परत कुणाला लागू नये म्हणून पार तळ्यात फेकून दिली. मागून ऋतुजा आली, त्याची मैत्रीण. "एवढे काटे कुणी टाकले गं?" असं तिला विचारत तो हसला आणि सुसाट निघाला. त्यांच्या आठ सायकली माझ्यावरून गेल्या. वेगात होत्या म्हणून मी तगले, पण प्रत्येक चाकासरशी आतली माती सुटत होती. मला ओरडून सांगता आलं असतं तर!

सोमलिंग दगड भरायला यायचा होता, पण पलीकडच्या रोपांत गुरं शिरली म्हणून तो तिकडे अडकला. दहाच्या सुमारास नागव्वा आली. वळणावर थांबली. "काटी न्हाई. म्हंजी भरलं वाटतं यानं," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने निर्धास्तपणे पाऊल टाकलं.

मी तिला धरू शकले नाही. आठ सायकली पेलल्या आणि जिने मला घडवलं तिला खाली टाकलं. "यव्वा!" एवढंच ती ओरडली. सात-आठ हात खाली, तळ्याच्या दगडांवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोमलिंग आणि दोन गुराख्यांनी तिला घोंगडीत घालून नेलं.

त्यानंतर झालं ते मला जास्त लागलं. संध्याकाळी सोमलिंग परत आला आणि काटी शोधू लागला. झुडपात पाहिलं, चढावर पाहिलं. काटी कुठेच नव्हती. गावातले लोक माझ्यावरून जाताना बोलायचे, "सोमण्णा इसराया लागलाय. काटी लावली म्हणतोय, मग गेली कुटं? खाल्ली का शेरडानं?" चोर सोडून संन्याशाला सुळी दिली त्यांनी. हळूहळू त्याचाही स्वतःवरचा विश्वास उडाला. दर कामासाठी तो उपरण्याला गाठ मारू लागला. एकच रोप पाणी घालून झाल्यावर दोनदा पाहून येई.

पुढच्या रविवारी सायकलवाले आले. ढासळलेल्या वळणाशी सोमलिंग गुडघ्यात मान घालून बसला होता. ऋतुजाने विचारलं, "काय झालं, बाबा?"

"आमची बाई पडली हितनं," तो म्हणाला. "काटी लावायची व्हती, मी इसरलो. मी बाईला सांगितलं लावली म्हणून, अन् लावलीच न्हाई बघा."

मी अजिंक्यकडे पाहत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तळहातावरचे ओरखडे अजून होते. ते त्याने हातमोज्यात झाकले. मग "निघू या," एवढंच बोलून तो वळला. मित्रांनो, मी त्याला नावं ठेवत नाही. पोकळ झाल्यावर गवत पांघरून गप्प बसणारी मी, कोणत्या तोंडाने ठेवणार?

त्यानंतरच्या रविवारी सायकली आल्या नाहीत. तो एकटा चालत आला, माझ्या तोंडाशी बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र थांबला नाही. सोमलिंग वळणावर दगड रचत होता. अजिंक्य त्याच्यापुढे उभा राहिला.

"बाबा, तुम्ही विसरला नव्हता. काटी होती. मी काढली."

सोमलिंगने हातातला दगड खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "कशाची व्हती?"

"बाभळीची. मोठी. बुडख्यावर दगड होता."

"कसला दगड?"

"चपटा. पांढरट."

"तळ्यातला त्यो. मीच आणला व्हता," सोमलिंग म्हणाला. "म्हंजी मी लावली व्हती की! लावली व्हती की मी!" म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. तीन आठवडे तो स्वतःच्या डोक्याला भीत जगला होता.

मग त्याने डोळे पुसले आणि त्याला राग आला. "मागल्या टायमाला हितंच हुबा व्हतास की. माझ्या तोंडाकडं बघत व्हतास."

"हो."

"मला नको सांगू. चल घरला. तिच्या फुडं बोल."

दोघं गावाकडे गेले. मी गावाच्या वेशीपाशी संपते, त्यामुळे आत काय झालं ते मला ठाऊक नाही. अजिंक्य परतला तो अंधार पडायच्या सुमाराला, डोळे सुजलेले. आता दर रविवारी ती सगळी मुलं आधी तासभर दगड-माती भरतात, माझ्यावर पाण्याला चर काढून देतात आणि पाऊस पडल्यावर चार दिवस सायकली आणतच नाहीत.

मला हात नाहीत, तरी हात जोडून सांगते. वाटेवर आडवं काही दिसलं, तर ते बाजूला करण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. कुठल्याही वाटेवरून मजेत जा, पण ती कुणाच्या रोजच्या पायाखालची आहे, हे विसरू नका. आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. तुम्ही गप्प बसता तेव्हा तिचं ओझं दुसरंच कुणीतरी वाहत असतं.

नागव्वा आता चालते. काठी टेकत, पलीकडच्या डांबरी सडकेने, दीड कोस लांबून. परवा ती माझ्या तोंडाशी थांबली. मी नीट झाले आहे, भरलेली आहे, हे तिला दिसत होतं. वाटलं, आता वळेल.

"तुझ्यावर राग न्हाई गं माजा," ती म्हणाली. "पर पाय ऐकंना."

आणि ती सडकेने निघून गेली.