माझ्या पाठीवरचं गाव

मी एक जुना चांदीचा रुपया बोलतोय. रुपया म्हटल्यावर तुम्ही माझ्यावर राजाचं डोकं शोधाल, पण ते नाही. मी त्याच्या कितीतरी आधीचा, मराठ्यांच्या अमदानीतला. पोटावर दिल्लीच्या बादशहाचं नाव आहे, एका कडेला अंकुश आहे आणि पाठीवर माझ्या गावाचं, म्हणजे मी जिथं पडलो त्या टांकसाळीच्या गावाचं, नाव आहे. म्हणजे असावं. ते गाव कुठलं, हे मला स्वतःलाच ठाऊक नाही.

हसू नका. चांदीचा तुकडा ठशावर ठेवून वरून हातोडा घातला की झाला आमचा जन्म. त्या दणक्यात गावाचं नाव कोण विचारणार? शिवाय ठसा मोठा आणि आम्ही लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं अंगावर उमटायची, निम्मी बाहेर जायची. माझ्या वाट्याला नावाची तीनच अक्षरं आली आणि त्यातलं तिसरं अगदी काठावर, फिकट.

पुढं कित्येक हात झाले. सराफांनी दगडावर आपटून माझा आवाज ऐकला, अंगावर बारीक खुणा ठोकल्या. मी खरा की खोटा, एवढंच सगळ्यांना हवं होतं. तू कुठला रे बाबा, असं कुणी विचारलं नाही.

असा फिरत फिरत मी धारवाडला केलगेरीच्या वाटेवरच्या एका घरी आलो. बाळाचार्य शाळेत संस्कृत शिकवत. त्यांची बायको कृष्णाबाई. तिच्या आईनं लग्नात मला तिच्या ओटीत घातलं होतं. तिनं मला देवघरात लक्ष्मी म्हणून बसवलं, रोज हळदकुंकू वाहिलं. मान मोठा मिळाला, खोटं कशाला बोलू? पण एकदा देवघरात बसलं की सगळे पाया पडतात, तोंडाकडं कुणी बघत नाही.

बघितलं ते त्यांच्या मुलानं, प्रभंजननं. कॉलेज नुकतंच संपलं होतं. एका लक्ष्मीपूजनाला त्यानं मला सहज उचललं आणि मग खाली ठेवीच ना. हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या घड्याळजीकडून त्यानं डोळ्याला लावायचं भिंग आणलं. गावातल्या एका म्हाताऱ्या मुन्शींकडून माझ्या अंगावरची फारसी अक्षरं शिकला. संध्याकाळ झाली की खिडकीत बसून मला उजेडाकडं तिरका धरायचा.

"काय बघायलास रे एवढं?" कृष्णाबाई विचारायची. "रुपयाच आहे की."

"याचं गाव बघायलोय, आई."

"लक्ष्मीला कुठलं रे गाव?"

तो हसायचा. पहिली दोन अक्षरं त्यानं वाचली. तिसरंही तिरक्या उजेडात दिसायला लागलं होतं, पण जुळलेलं नाव त्यानं माझ्यापुढं कधी मोठ्यानं उच्चारलं नाही. माझ्या अंगावर काळसर झाक चढली होती, ती घाण नव्हती बरं का. झिजलेल्या अक्षराभोवती ते काळं साचलं होतं, म्हणून तर अक्षर उठून दिसायचं. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, आपणही कुणीतरी आहोत. त्याच्या बोटांची मी दिवसभर वाट बघायचो.

त्याच सुमाराला पुण्याचे पद्मनाभराव धारवाडला उतरले होते. जुन्या नाण्यांची ओळख पटवणं आणि त्यांची प्रत ठरवणं हेच त्यांचं काम. एका संग्रहालयातली नाणी लावायला त्यांना मदतनीस हवा होता. प्रभंजन त्यांना जाऊन भेटला. ते म्हणाले, "ती तीन अक्षरं मला दाखवा. या गावाचं नाणं अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही. दाखवलंत तर तुम्हाला बरोबर नेतो."

इकडं बाळाचार्यांनी हुबळीच्या रेल्वे कचेरीत मुलासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते म्हणाले, "रविवारी पाहुणे येऊन जाऊ देत. नेलं तर जा. नाही तर सोमवारी मुकाट्यानं कारकुनीवर रुजू हो."

रविवारी प्रभंजन पाहुण्यांना आणायला गेला. आणि मागं कृष्णाबाईच्या मनात आलं की एवढा मोठा माणूस आपल्या लक्ष्मीला बघायला येतोय. मुलगी दाखवायची तर तिला अशी काळवंडलेली पुढं करतात का? तिनं मला रिठ्याच्या पाण्यात भिजवलं आणि बारीक रांगोळी घेऊन घासायला बसली. मायेनं घासलं हो तिनं, म्हणूनच जास्त घासलं. मला ओरडता आलं असतं तर सगळी गल्ली गोळा केली असती.

पद्मनाभरावांनी मला कडेनं धरलं, खिडकीशी नेलं, पुन्हा पुन्हा तिरकं केलं. प्रभंजन मला बघताक्षणीच पांढराफटक पडला होता.

"चांदी उत्तम. अंकुश स्वच्छ आहे," पाहुणे म्हणाले. "पण पाठ घासलेली आहे. पहिली दोन अक्षरं लागतात. तिसरं नाही. तेवढ्यावर गाव ठरवता येणार नाही. प्रत म्हणाल तर कनिष्ठ."

"काल होतं हो ते," प्रभंजन एवढंच बोलला.

"असेल. पण मला दिसल्याशिवाय मी कसं मानू?"

स्वयंपाकघराच्या दारातून कृष्णाबाई म्हणाली, "मीच घासलं. काळं दिसत होतं म्हणून."

प्रभंजननं आईकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा फुटणार. पण तो म्हणाला, "इरली, आई. असू दे. पोहे आण."

निघताना तिनं पाहुण्यांना गाठलं. "परत यायचंच नाही का ते अक्षर?"

त्यांनाही तिची दया आली असावी. "हात लावू नका. काळं चढू द्या. कदाचित दिसेलही."

सोमवारी प्रभंजन हुबळीला रुजू झाला. पुढं बदल्या होत होत गुंतकलला गेला. भिंग मात्र देवघराच्या फळीवर ठेवून गेला.

तेव्हापासून कृष्णाबाईनं मला बोट लावलं नाही. हळदकुंकू माझ्यापुढं वाहायची, माझ्यावर नाही. दिवाळीला घरातली सगळी चांदी लखलखायची आणि मी आपला काळाकुट्ट.

शेजारच्या अंबूताई चेष्टा करायच्या, "अहो, लक्ष्मीला अशी काळी काय ठेवलीत?"

"असू द्या की," ती म्हणायची, "अक्षर यायलंय तिला."

जगभर लढाई सुरू झाली, रेल्वेत रजा मिळेना. बाळाचार्य गेले तेव्हा प्रभंजन आला आणि क्रियाकर्म आटोपून परतला. कृष्णाबाईची नजर अधू होत गेली. मला तिच्याहून जास्त त्याची आठवण यायची, असं म्हटलं तर ती रागावेल.

लढाई संपल्यावर दिवाळीला तो आला. कानाशी केस पिकलेले. तिनं त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

"बघ की रे, आलं का?"

त्यानं फळीवरचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, मला तळहातावर घेतलं. तीच बोटं! मी अगदी श्वास रोखून होतो. पण त्यानं मला पोट वर करून ठेवलं होतं. माझी पाठ त्याच्या तळव्याला टेकली होती. माझी पाठ कुठली आणि पोट कुठलं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"आलंय, आई," तो म्हणाला. "तिसरं अक्षर अगदी स्वच्छ आलंय."

"खरं? मग तुझं मी काही घालवलं नाही?"

"काही नाही घालवलंस."

ती पदर डोळ्याला लावून रडली. त्यानं मला तसंच, न उलटता, जागेवर ठेवून दिलं.

आधी मला राग आला. मग कळलं, तो घाबरला होता. अक्षर नसतं तर आईच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. आणि असतं तर? गेलेली वर्षं कुणाकडं मागायची? दोन दिवसांनी तो गुंतकलला परत गेला.

आता कृष्णाबाई सुखात आहे. आलेल्या-गेलेल्याला मला दुरूनच दाखवते, हात लावू देत नाही. पण तुमच्यापैकी कुणाला ती लिपी येत असेल, तर केलगेरीच्या वाटेनं या. ती अंगणात गेली असेल, अशा वेळी या. मला पुसू नका, पाया पडू नका. फक्त एकदा उलटा करा, आणि जे दिसेल ते मला एकट्यालाच सांगा.