सिद्धूच्या फोननं केलेली बोलणी

घरच्या म्हातारीला राहायला बोलवायचं तर माणसानं समोर बसून दोन शब्द बोलावेत. आमच्या सिद्धूनं बोलणी करायला माझ्यापुढं फोन ठेवला. नातू माझा, आणि त्याचा वकील यंत्र!

"आज्जी, मी बोललो की तू भांडतीस. हे भांडत न्हाय. माझं सगळं ह्याला सांगून ठेवलंय," म्हणाला, आणि गेला अंगणात मोटारसायकल पुसायला.

त्याचं बिऱ्हाड सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात; मी इकडं मंद्रूप गावात एकटी. त्याची लेक नुकती रांगायला लागलेली. तिला मांडीवर घ्यायला माझा जीव तुटत होता. पण आपण होऊन गेले तर माझा मान काय राहिला?

फोन बाईच्या आवाजात म्हणाला, "शरणम्मा आजी, आपण सोलापूरला राहायला यावं अशी सिद्धूंची इच्छा आहे. आपली अडचण काय आहे?"

गोड बोलतंय की! म्हटलं, बघू तरी.

"ग्यासवरची भाकरी माझ्या गळ्याखाली उतरत न्हाय."

"गच्चीवर चूल मांडता येईल."

"म्हशीचं कोण बघंल?"

"शेजारच्या जगदेवीताई. सिद्धूंनी विचारून ठेवलं आहे."

"दर सोमवारी देवळात न्यायला लागंल. रिक्षानं."

"सिद्धू नेतील. रिक्षानं."

एक शब्द उलटा नाही! मला चेवच चढला. नातसुनेच्या हातातला टीव्हीचा रिमोटसुद्धा पदरात पाडून घेतला. सगळं मनासारखं झालं, तशी पदर झटकून उठले.

"न्हाय बाई. मला न्हाय यायचं."

"आपल्या निर्णयाचा मी आदर करते, आजी. सिद्धूंना तसं कळवते."

आणि गप्प! मी चार पावलं गेले, थांबले, खोकून बघितलं. फोन ढिम्म.

सिद्धू आत आला. फोनवरचं वाचून त्याचं तोंड उतरलं. "राहू दे आज्जी. तुझ्या मनाविरुद्ध न्हाय नेणार," म्हणाला आणि किल्ली उचलली.

आता मानपान धरून बसले असते तर पोरगं खरंच गेलं असतं. दारात आडवी उभी राहिले.

"सिद्धू, तुझं यंत्र द्यायला कर्ण हाय, पण बाजार केलेलं न्हाय. गिऱ्हाईक उठून चाललं की माघारी हाक मारायची असती, एवढं वांगी इकणारीलाबी कळतं. म्हणं 'आदर करते'! मी काय जायला उठले व्हय रे? ती फोनबाई घाल खिशात आणि तुझ्या तोंडानं हाक मार. आन् सांगून ठेवते, अजून दोनदा न्हाय म्हणणार हाय मी!"