स्नेहाच्या गुडघ्यावरचा पट्टा

मित्रांनो, माझे इलॅस्टिक आता सैल पडले आहे आणि कडेचे धागे सुटले आहेत. मी गुडघ्यावर चढवायचा एक जुना पट्टा आहे. नाशिकरोडच्या औषधाच्या दुकानातून मला स्नेहाने आणले. ती खो-खो खेळायची. खांबाला वळसा घालताना तिचा गुडघा मुरगळला होता आणि जिल्हा संघाची निवड तोंडावर आली होती.

"खेळाच्या मॅडमना सांगितलंस?" तिची मैत्रीण उज्ज्वला म्हणाली.

"सांगितलं तर घरी बसवतील. पट्टा आहे ना! तू फक्त तोंड बंद ठेव, जमलं तर."

ट्रॅकपँटखाली मी कोणाला दिसत नसे. मी गुडघा घट्ट धरत होतो. दुखणे कमी वाटे, म्हणून ती आणखी जोरात पळे. आतला, हाडे जोडून ठेवणारा अस्थिबंध मात्र थोडा थोडा फाटत होता. तो सांधणे मला शक्य नव्हते.

तिची निवड झाली. सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्याच सामन्यात ती कोसळली आणि तिचे खेळणे संपले.

मैदान सोडवेना, म्हणून ती परीक्षा देऊन पंच झाली. पण खो-खोच्या पंचालाही खेळाडूंबरोबर कडेने धावावे लागते. तेव्हाही मी ट्रॅकपँटखाली होतोच.

मनमाडच्या सामन्यात घोटीच्या संघातली हर्षाली खांबाकडे सुटली. पाठलाग करणाऱ्या मुलीने तिला बाद करायला सूर मारला. स्नेहा धावली आणि तिचा गुडघा मध्येच अडकला. तिने ट्रॅकपँट वर ओढून मला नीट केले, तेव्हा मी सगळ्यांना दिसलो.

"ओ पंचबाई, रिक्षा बोलवू का?" कोणीतरी ओरडले.

"आउट आहे ना, ताई?" सूर मारणारीने विचारले.

"हात लागलाच नाही," हर्षाली म्हणाली.

स्नेहा लंगडत मुख्य पंचांकडे गेली. "सर, मला दिसलं नाही. मी पोचलेच नाही."

सरांनी हर्षालीला नाबाद ठरवले. स्नेहाने शिट्टी त्यांच्या हातात ठेवली आणि पुन्हा कधी घेतली नाही.

पुढे हर्षाली निवडीसाठी नाशिकला आली, तेव्हा स्नेहाच्या घरी आली. "ताई, त्या मॅचला सूर चुकवताना गुडघा मुरगळला. तुमचा पट्टा द्या ना."

"पट्टा नाही देणार. चल, डॉक्टरकडे जाऊ. मी येते सोबत."

"तुम्ही पण खेळलात ना पट्टा लावून?"

हर्षाली निघून गेली. दोन दिवसांनी स्नेहा उज्ज्वलाला फोनवर म्हणाली, "पोरीने नवा घेतला गं."

मित्रांनो, तो नवा पट्टाही घट्ट धरेल. त्यापलीकडे त्याला काही येत नाही. तुमचा गुडघा दुखला, तर आम्हाला चढवण्याआधी घरी कोणाला तरी सांगा. आम्ही सांध्याच्या अगदी जवळ असतो, आम्हाला सूज कळते. पण आम्हाला बोलता येत नाही.