अप्पांकडे चेंडू द्यायचा नाही

सरहद्दीवरच्या त्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर माणूस ठेवायचा तो हॉकी बघून. गाडीतला माल तपासता आला नाही तरी चालेल, चेंडू मारता आला पाहिजे, असा नाक्याच्या साहेबांचा खाक्या. निजामाच्या राज्यात साहेबांचा शौक म्हणजेच कायदा, दुसरं काय!

सिद्रामप्पा पलटणीत हॉकी शिकून या नाक्यावर चिकटलेले. एकेकाळी परांड्यापासून धाराशिवपर्यंत त्यांच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. आता गुडघे कुरकुरत होते आणि चेंडू पायाशी येईपर्यंत दिसत नव्हता. त्यात साहेबांनी तंबी दिलेली, पलीकडच्या बार्शीवाल्यांशी होणाऱ्या सामन्यात जो खेळातून गेला तो नोकरीतूनही गेला. नोकरीबरोबर नाक्यामागची खोलीही जाणार. अप्पांची बायको नीलम्मा कधीची अंथरुणाला खिळलेली. तिला खाटेसकट उचलून न्यायचं तरी कुठं?

संघाचा कप्तान बलभीम. त्याच्या हातात पहिली काठी दिली ती अप्पांनीच. सामन्याच्या सकाळी तेच अप्पा त्याच्या दारात आले, डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन.

"बलभीमा, कुठं बी उभं कर, पर उतरव मला."

एकदा अकरा गडी उतरले की मध्ये बदली नाही, असा खेळाचा कायदा. अप्पांना वगळावं तर नोकरी आजच गेली. उतरवावं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत चेंडू चुकला, तरी गेली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! शेवटी त्यानं गड्यांना बाजूला घेतलं.

"अप्पा डावीकडं टोकाला राहतील. त्यांच्याकडं चेंडू कुणी द्यायचा न्हाय. आलाच न्हाय, तर चुकतील कसे?"

आपण लई शहाणपणा केला असं त्याला वाटलं. माणूस घाबरला की असलाच शहाणपणा सुचतो.

सामना सुरू झाला. अप्पा काठी उंचावून ओरडत होते, "दे! बलभीमा, इकडं दे!" बलभीम त्यांच्या वाटणीचं धावत होता, छाती फुटायची वेळ आली होती, पण चेंडू देत नव्हता. पुढं पुढं बार्शीवाल्यांनीही अप्पांवर माणूस ठेवायचं सोडून दिलं. अप्पांचं ओरडणं थांबलं.

अगदी शेवटी चेंडू बलभीमकडे आला तेव्हा गोलासमोर अप्पा एकटे, मोकळे. बलभीमनं काठी तिकडं वळवली. मग नजर साहेबांच्या खुर्चीकडे गेली आणि त्यानं चेंडू उजवीकडे व्यंकटला दिला. व्यंकटनं गोल केला. नाका जिंकला.

साहेब हसत मैदानात उतरले. "वाह कप्तान! दस ही आदमी लेकर जीत गए!"

"अकरा होतो, साहेब. डावीकडं सिद्रामप्पा होते की."

"था? हमने तो देखा नहीं."

बलभीमनं त्यांचे पाय धरले. "मीच चेंडू देऊ दिला न्हाय, साहेब! माझी चूक हाय."

"चूक कैसी? समझदार कप्तान हो." साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "जिसके बग़ैर जीत सकते हैं, उसे रखें क्यों?"

अप्पा डाव्या कडेलाच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बलभीम समोर जाऊन उभा राहिला.

"अप्पा, तुमी चुकाल म्हणून..."

"चुकलो असतो रे," अप्पा म्हणाले. "पर चुकलेला माणूस दिसतो तरी. साहेबाला म्हनलो असतो, आज हात चुकला, उद्या बघा. आता काय सांगू? मी हुतो, असं सांगू?"

बलभीम लहान पोरासारखा रडायला लागला. अप्पांनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं.

"रडू नगंस. चल खोलीवर. नीलम्माची खाट उचलायला दुसरा गडी लागंल."